भाऊसाहेबांची ओळख काढायची, तर आधी त्यांचं दप्तर ओळखा

करवीर तालुक्यात लग्न होऊन आलेल्या एका ताईंनी विचारलंय: लग्नाला दोन महिने झाले, नोंदणी राहिलीय. सासरे गेल्या वर्षी सीपीआरला (कोल्हापूर शहरातल्या सरकारी दवाखान्यात) वारले, घर अजून त्यांच्याच नावावर आहे. तीन वेळा ग्रामपंचायतीत गेले, तिन्ही वेळा 'भाऊसाहेब मिटिंगला गेल्यात' एवढंच ऐकून परत आले. शेजारी म्हणतात, ओळख काढल्याशिवाय काम व्हायचं नाही, कुणाचा तरी फोन लावा. या माणसाची, म्हणजे ग्रामसेवकाची, ओळख करून घ्यायची तरी कशी, आणि तो दिवसभर नेमकं करतो काय?

ताई, मी 1990 साली ग्रामसेवक म्हणून लागलो आणि 2022 ला ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्या, शिरोळचा नदीकाठ आणि शेवटची वर्षं करवीर अशी नोकरी झाली. तुमच्यासारखं तीनदा हेलपाटा मारून परत गेलेलं माणूस मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. चूक पुष्कळदा आमचीच असते, हे आधी मान्य करतो. पण 'ओळख काढा' हा सल्ला ऐकू नका. का ऐकू नका ते पुढं सांगतो, माझ्याच हातून घडलेलं आहे.

आधी हा माणूस कोणाचा नोकर, ते बघू. आपल्याकडं तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात आणि ग्रामसेवकालाही. दोन्ही कार्यालयं बहुतेक गावांत शेजारीशेजारीच. त्यामुळं निम्म्या लोकांचा पहिला हेलपाटा चुकीच्या दारात होतो. तलाठी महसूल खात्याचा, म्हणजे थेट राज्य सरकारचा. आपल्या कोल्हापूरला त्याचा इतिहास जवळचा आहे: राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. जमिनीचं दप्तर एका घराण्याच्या माजघरातून निघून चावडीत आलं ते तेव्हा. ग्रामसेवक हा फार नंतरचा माणूस. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चा, आणि जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या 1 मे 1962 ला. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याचा रोजचा साहेब पंचायत समितीतला गटविकास अधिकारी. 2024 मध्ये सरकारनं दोघांचीही नावं बदलली. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलं, आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी. पाटीवर नवीन नाव दिसलं तर गोंधळू नका. गावात अजून कुणी ते नाव घेत नाही, मीही इथं ग्रामसेवकच म्हणतो.

तिसरा एक वर्ग आहे, ज्याकडं कुणाचं लक्ष नसतं आणि तुम्ही खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. शिपाई, वसुली क्लार्क आणि पाणी सोडणारा. हे ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर्मचारी, गावातलेच. ग्रामसेवक तीन-चार-पाच वर्षांनी बदलून जातो, हे तीस-तीस वर्षं तिथंच असतात. तुमच्या सासऱ्यांनी शेवटची घरपट्टी कधी भरली, घराची जुनी नोंद आजेसासऱ्यांच्या नावावर कोणत्या पुस्तकात आहे, शेजारच्या बोळाचा वाद कधी मिटला, हे शिपायाला तोंडपाठ असतं. मी नवीन गावात रुजू झालो की पहिले आठ दिवस शिपायाला बरोबर घेऊन गावभर हिंडायचो. गावाची ओळख मला कोणत्याही कागदानं झाली नाही, ती त्यांनी करून दिली. तुम्हीही त्यांना दादा, मामा म्हणून दोन शब्द बोला आणि सरळ विचारा, 'भाऊसाहेबांचा आपल्या गावाचा वार कोणता?' कारण तुमच्या ग्रामसेवकाकडं बहुधा एकच गाव नसणार. रिक्त जागा असल्या की दुसऱ्या गावाचा चार्ज गळ्यात पडतो, कधी तिसऱ्याचाही. मग सोमवार-गुरुवार इथं, मंगळवार-शुक्रवार तिथं आणि उरलेला एक दिवस पंचायत समितीच्या मिटिंगचा. 'मिटिंगला गेल्यात' हे उत्तर कधीकधी सबब असतं, पण बऱ्याच वेळा अगदी खरं असतं.

आता तो दिवसभर काय करतो ते सांगतो. सगळं सांगत बसलो तर तुम्ही कंटाळाल, म्हणून तुमच्या घरात शिरणारं तेवढंच.

सकाळी पाणी. नळाला पाणी सोडण्याआधी टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर पडली का, हे बघणं. शिरोळमध्ये असताना माझ्या शर्टाच्या खिशात ओटीची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली कायम असायची. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पिवळसर रंग आला तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचलाय. पाणी तसंच पांढरं राहिलं तर पावडर टाकलीच नाही, नाहीतर पावडर जुनी होऊन मेलीय. टाकीजवळच्या नळावर तपासून वहीत टिक करणारे लोक मी बघितलेत. त्याला काही अर्थ नाही, शेवटच्या घरातली पोरं आजारी पडली की कळतं. तुमचं घर गावाच्या कडेला असेल तर एखाद्या सकाळी पाणी सोडणाऱ्याला सांगा, 'दादा, आज आमच्या नळावर ओटी बघा की.' या एका वाक्यानं ग्रामपंचायतीत तुमची जी ओळख होईल, ती कुणाच्या फोननं होणार नाही. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

नंतर ऑनलाइन कामं. आवास योजनेच्या घराचे टप्प्याटप्प्याचे फोटो जागेवर जाऊन घ्यायचे, रोजगार हमीची मागणी, विकास आराखडा, त्याचे खर्च, वेगवेगळ्या पोर्टलवरची माहिती. पूर्वी आम्ही चेक लिहायचो. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातो आणि त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. एकट्याला कुणालाच पैसा हलवता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात निधीतला 80 टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतीला आणि 10-10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. त्यातही 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली. 'एवढे पैसे आलेत, मग आमच्या गल्लीचं काँक्रीट का नाही?' असं लोक ग्रामसेवकावर ओरडतात, तेव्हा त्यातला मोठा भाग बंधित आहे आणि रस्त्याला वापरताच येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सांगायचं काम खरं तर आमचंच.

आणि मग दप्तर. नमुना 1 पासून नमुना 33 पर्यंत. नमुना 1 अंदाजपत्रक, 5 रोकडवही, 8 घरांची कर आकारणी, 9 कराची मागणी, 10 पावती. तुम्हाला रोज लागणारे नमुने 8, 9 आणि 10, बाकीचे राहू द्यात. यातला 8 नंबर नीट समजून घ्या, तुमच्या कामाची सगळी गाठ तिथं आहे.

लोक म्हणतात 'आठचा उतारा द्या'. तलाठ्याकडं असतो तो 8अ. एका खातेदाराची गावातली सगळी शेतजमीन आणि तिचा आकार, म्हणजे शेतसारा, त्यात असतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घर, पडसर, गोठा, दुकान यांची घरपट्टीसाठी केलेली नोंद. दोन्हीत आठ, म्हणून गोंधळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढ्यासाठीच ती नोंद. गावठाणाची मोजणी झाली असेल, 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं झाली तशी, तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) भूमी अभिलेख खात्याकडं निघते, तीही एकदा बघून घ्या. पण गावात बँकेपासून वीज मीटरपर्यंत सगळे आठचा उताराच मागतात. त्यामुळं त्या पानावर कुणाचं नाव लागतं, यावरून भावकी पेटते.

आता ओळखीनं काम करण्याचं मी काय भोगलं ते सांगतो. नोकरीला आठ-नऊ वर्षं झाली होती. एका गावात वडील वारलेल्या घराची नोंद दोन भावांच्या नावे करायची होती. तिथल्या एका वजनदार माणसाचा निरोप आला, 'आपलीच पोरं आहेत, करून टाका.' अर्ज होता, मृत्यूचा दाखला होता, मासिक सभेत ठरावही झाला. वारसांत आणखी कोण, हे मी विचारलं नाही. निरोप देणारा मोठा होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार महिन्यांनी दुपारी एक बाई आली. शेजारच्या तालुक्यात दिलेली मुलगी. हातात पिशवी, पिशवीत वडिलांच्या नावच्या जुन्या पावत्या. टेबलाला हात न लावता उभी राहिली आणि म्हणाली, 'भाऊसाहेब, ह्या पानावर माझं नाव कुठं गेलं?' मी पान उघडलं. माझ्याच अक्षरात दोन नावं, खाली माझी सही. तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चौकशी झाली, माझी एक वेतनवाढ रोखली. ती रोखली याचं वाईट वाटलं नाही. निरोप देणारा माणूस त्या चौकशीत कुठंच नव्हता आणि असणारही नव्हता, कारण सही त्याची नव्हती. मी त्या बाईच्या सासरी जाऊन माफी मागितली, नोंद दुरुस्त करून तीन नावं लागली. त्या दिवसानंतर फोनवर कितीही मोठा माणूस असला तरी मी एवढंच म्हणायचो, 'साहेब, अर्जदाराला कागद घेऊन पाठवा, नियमात असेल तर आजच करतो.' त्यापायी माझ्या दोन बदल्या गैरसोयीच्या झाल्या, हेही खरं.

म्हणून म्हणतो ताई, फोन लावू नका. फोननं ग्रामसेवक दबतो किंवा चिडतो. दबला तर कागद न बघता सही करतो, आणि ती नोंद पुढं तुमच्याच अंगावर येते. चिडला तर तुमचं पान सगळ्यांत खाली सरकवतो. त्याच्या सहीची जबाबदारी निवृत्तीनंतरही त्याच्या मागं असते. लेखापरीक्षणातला वीस वर्षांपूर्वीचा आक्षेप निघून पेन्शनची फाईल अडकलेले सहकारी मला माहीत आहेत. अशा माणसासमोर तुम्ही पूर्ण कागद घेऊन उभ्या राहिलात की त्याला बरं वाटतं, कारण त्याची सही सुरक्षित होते. कामाची ओळख म्हणतात ती हीच.

तुमच्या दोन्ही कामांचे कागद सांगतो.

आधी लग्न, कारण त्याला मुदत आहे. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानं विवाह नोंदणीचा निबंधक गावात ग्रामसेवकच असतो. लग्नापासून 90 दिवसांच्या आत अर्ज गेला तर सोपं पडतं, नंतरही होते पण जास्तीची फी आणि कागद वाढतात. तुमचे साठ दिवस गेले, म्हणजे महिना हातात आहे. दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, लग्न लावलेल्या भटजींची सही आणि तीन साक्षीदार. तुम्ही दोघं आणि तिन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर हजर हवेत. इथंच लोकांचे हेलपाटे होतात: नवरा येतो तर साक्षीदार कामाला, साक्षीदार येतात तर भाऊसाहेब दुसऱ्या गावाला. म्हणून वार आधी विचारा. तुमच्या यजमानांना आणि साक्षीदारांना त्या दिवशी अर्धी सुटी काढायला सांगा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावर आहे तसंच अर्जात लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कोणतं नाव कुठं लिहायचं हे सही करण्याआधी विचारून घ्या. दाखल्यावर एकदा चुकलं की पासपोर्टपर्यंत तीच चूक पाठ सोडत नाही.

आता सासऱ्यांचं. जन्म-मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्यानं 21 दिवसांच्या आत करायची असते, आणि ती माणूस जिथं वारला तिथं होते, तो जिथला राहणारा तिथं नाही. घरी वारलेल्या माणसाची नोंद ग्रामसेवक करतो. तुमचे सासरे सीपीआरला वारले, म्हणजे नोंद कोल्हापूर शहराच्या हद्दीतली. दाखला तिकडूनच आणायचा. हे माहीत नसल्यानं कितीतरी लोक ग्रामपंचायतीत भांडतात आणि ग्रामसेवकही कामाच्या घाईत 'इथं नाही मिळत' एवढंच बोलून पाठवतो. कुठं मिळेल ते सांगत नाही. त्यानं ते सांगायला हवं. दाखला असेल तर पुढचं वाचा.

घराच्या नोंदीसाठी अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची चालू वर्षापर्यंतची पावती. सगळ्या वारसांत सासूबाई आल्या, तुमचे यजमान आले, दीर आले आणि नणंदाही आल्या. लग्न होऊन गेलेल्याही. नणंदेला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, त्याची वेगळी रीतसर पद्धत आहे; पण तिचं नाव अर्जातून परस्पर गाळू नका. माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली ती बाई कुणाची तरी नणंदच होती. अर्ज आल्यावर ग्रामसेवक तो मासिक सभेपुढं ठेवतो, ठराव होतो आणि मग नमुना 8 ला नाव लागतं. एकट्या ग्रामसेवकाच्या हातात हे नसतं. म्हणून 'आजच करून द्या' म्हणू नका, 'पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत घेता का?' असं विचारा. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस तुमच्याकडं वर मान करून बघतो.

कधी जाऊ नये, तेही सांगतो. मार्चचा दुसरा पंधरवडा टाळा. वसुली, खर्च, शिल्लक जुळवणं, आम्हाला त्या दिवसांत जेवणाची शुद्ध नसते. ग्रामसभेच्या आदल्या दिवशीही नको. आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाण्याची पातळी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोक्याकडं निघाली की नदीकाठच्या ग्रामसेवकाकडं दाखला मागायला जाऊ नका. तो तेव्हा जनावरं हलवायला, शाळेत लोकांची सोय करायला, नाहीतर बोटीची वाट बघत उभा असतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी शिरोळ तालुक्यात होतो. पाणी चढायला लागल्यावर माणसं आणि जनावरं आधी काढली, रात्री उशिरा शिपाई आणि मी परत ग्रामपंचायतीत गेलो. गुडघाभर पाणी आत आलं होतं. नमुना 8 ची पुस्तकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, प्रोसिडिंग (सभेचं कामकाज लिहायची वही), सगळं खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. एक जुनं पुस्तक खालच्या कप्प्यात राहिलं ते राहिलंच. पाणी उतरल्यावर सापडलं तेव्हा विटेसारखं जड झालेलं. वर्गातल्या बाकावर ते उघडून ठेवलं, दर दोन पानांत वर्तमानपत्राचा कागद घातला, दर तासाला कागद बदलला. शाईच्या नोंदी पसरून निळा डाग झाल्या होत्या, बॉलपेनच्या तेवढ्या वाचता येत होत्या. तीन दिवस शिपाई त्या पुस्तकाजवळ बसून होता. त्याचं स्वतःचं घर तेव्हा चिखलात होतं.

त्याच आठवड्यात पंचनामे सुरू झाले. तलाठी, कृषी सहायक आणि मी. एका म्हातारीचं मातीचं घर बसलं होतं. नवरा कधीच वारलेला, घर त्याच्याच नावावर आणि तिची नोंद नेमकी त्या भिजलेल्या पुस्तकातली. पान उघडलं तर निळा डाग. मी म्हटलं, 'आज्जी, काही कागद हाय का?' तिनं कमरेच्या पिशवीतून दुधाची धुतलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत घरपट्टीची पावती, घडी घातलेली, कोरडी. मिळकत क्रमांक स्पष्ट. त्या क्रमांकावरून मागणीच्या वहीतली नोंद काढली आणि घर तिचं आहे हे लिहिता आलं. म्हणून घरपट्टीची पावती ही चिठ्ठी समजून टाकू नका. तुमच्या सासऱ्यांच्या वेळच्या पावत्या घरात कुठं असतील तर शोधून एका पिशवीत ठेवा.

ग्रामसभेला जा, हे तर सांगायलाच हवं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती सभा कागदावर उरकतात, घरोघरी वही फिरवून सह्या घेतात. तुमच्याकडं अशी वही आली तर सही करू नका, 'सभा कधी आहे, मी येते' म्हणून सांगा. दोन-चार बायका अशा बोलल्या की सभा भरवावीच लागते. ग्रामसभेच्या गणपूर्तीला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असलेली संख्या पुरते, म्हणजे तुमच्या एका हजेरीला खरंच वजन आहे. आणि सभेत नुसता रस्ता-गटार मागायचा असतो असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता गिरवण्याचं परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींसाठी काढलं. तो ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला, तसाच तुमच्या सभेतला प्रत्येक शब्द ग्रामसेवकाला लिहावा लागतो. सभा संपायच्या आत 'माझा विषय काय लिहिलात ते वाचून दाखवा' म्हणा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कशावर झाले, हा प्रश्न महिला सभेत विचारायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आमच्यात वाईट माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. दाखल्याला पैसे मागणारे आहेत. मागितले तर देऊ नका, लाचलुचपत विभागाचा 1064 नंबर आहे. नुसती टाळाटाळ होत असेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. कोणता दाखला किती दिवसांत, त्याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. मुदत उलटली की दोन अपिलं खात्यातच वरच्या साहेबांकडं आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या फीवर, उत्तर 30 दिवसांत, तो अर्जही ग्रामसेवकाच्याच नावे जातो. पण ताई, हे सगळं नंतरचं. अजून तुमची आणि त्या माणसाची एकदाही गाठ पडलेली नाही, तेव्हा अपिलाची भाषा पहिल्या भेटीत नको. त्याला भेटल्यावर आधी नाव सांगा, घर कोणतं ते सांगा, सासऱ्यांचं नाव सांगा आणि कागद टेबलावर ठेवा. चहा दिला तर घ्या. पाकीट द्यायचा विचारसुद्धा करू नका. तो चांगला असेल तर दुखावेल आणि वाईट असेल तर त्याला सवय लागेल.

या आठवड्यात एवढं करा. उद्या सकाळी शिपायाला गाठून वार विचारा. आज रात्री नणंदेला फोन करून घराच्या नोंदीचं कानावर घाला, सासूबाईंच्या समोर. पावत्यांची पिशवी शोधा. लग्नाचा अर्ज आणि वारसाचा अर्ज वेगवेगळे लिहा, एकात दोन विषय घालू नका. प्रत्येकाच्या दोन प्रती करा. भाऊसाहेब असोत वा नसोत, अर्ज कार्यालयात देता येतो, त्यासाठी त्यांची वाट बघायची गरज नाही. आवक नोंदवहीत तुमचा अर्ज चढलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नका.